अर्नेस्ट माइल्स : गुदाशयाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया बदलणारे सर्जन

गुदाशयाच्या कॅन्सरचे ऑपरेशन झालेल्या काही रुग्णांच्या डिस्चार्ज कार्डावर ‘एपीआर’ अशी तीन अक्षरे असतात. जुने सर्जन त्यालाच ‘माइल्स’ म्हणतात. हे आडनाव ज्यांचे, ते विल्यम अर्नेस्ट माइल्स 1869 साली त्रिनिदादमध्ये जन्मले, लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात शिकले आणि पुढे तिथल्याच कॅन्सर रुग्णालयात सर्जन झाले.

त्या काळी हे ऑपरेशन फक्त खालून, म्हणजे शौचाच्या जागेतून करत. पोट उघडायची भीती होती आणि ती खोटी नव्हती. माइल्स यांनीही 1899 ते 1906 या काळात 57 रुग्णांवर अशीच शस्त्रक्रिया केली. त्यातल्या 54 जणांना कॅन्सर पुन्हा झाला. हा आकडा त्यांनी स्वतःच छापला. मला त्यांच्याबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो इथे.

दगावलेल्या रुग्णांची शवविच्छेदने करून त्यांनी शोध घेतला. गाठ तर पूर्ण काढली होती, मग आजार उरला कुठे? तो उरला होता वर, पोटाच्या आत: आतड्याला रक्त पोहोचवणाऱ्या चरबीच्या पदरात आणि तिथल्या लसिका ग्रंथींमध्ये. खालून हात तिथवर पोहोचतच नव्हता. म्हणून त्यांनी पोटातून आणि खालून, दोन्हीकडून मिळून गुदाशय, गुदद्वार आणि ग्रंथी एकत्र काढायला सुरुवात केली. शौचासाठी पोटावर कायमची वाट, म्हणजे स्टोमा, करून दिली. 1908 साली त्यांनी हे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. पहिल्या 12 रुग्णांपैकी 5 जण दगावले. आधुनिक भूल, रक्तपेढी, अँटिबायोटिक यातले काहीच तेव्हा नव्हते. पुढे हे प्रमाण खूप खाली आले आणि काही दशके हेच ऑपरेशन जगभर मुख्य मानले गेले. माइल्स 1947 साली वारले.

आज आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जालना, बीड, परभणीहून येणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: दुर्बिणीने केले तर कॅन्सर पूर्ण निघेल ना?

याचे उत्तर माइल्स यांच्या विचारातूनच मिळते. चीर मोठी की लहान, यापेक्षा आतला चरबीचा पदर अखंड निघाला का आणि कडा स्वच्छ आहेत का, हे महत्त्वाचे. 1982 साली इंग्लंडचे बिल हील्ड यांनी हा पदर न फाडता काढायची पद्धत मांडली. त्यानंतर पुष्कळ रुग्णांचे गुदद्वार वाचू लागले. गाठ गुदद्वाराच्या स्नायूत शिरली असेल, तर मात्र एपीआर आजही लागते.

दुर्बिणीबाबत ‘कलर टू’ हा 1,044 रुग्णांचा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. 3 वर्षांनंतर ओटीपोटात कॅन्सर परत येण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या आणि उघड्या शस्त्रक्रियेत सारखेच, 5 टक्के होते. दुर्बिणीने रक्तस्राव कमी झाला आणि आतडे लवकर चालू झाले. ऑपरेशनला वेळ मात्र जास्त लागला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या दोन अभ्यासांत काढलेल्या भागाच्या दर्जाबाबत दुर्बीण उघड्या पद्धतीइतकीच चांगली आहे, हे सिद्ध होऊ शकले नाही. म्हणजे यंत्रापेक्षा हात महत्त्वाचा. तुमच्या सर्जनना अशा किती शस्त्रक्रिया केल्या, हे जरूर विचारा. त्यात संकोच नको. ऑपरेशन अर्ध्यावर असताना दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडावे लागले, तर ते अपयश समजू नका. तो निर्णय तुमच्या सुरक्षिततेसाठी असतो.

ऑपरेशननंतर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात आला की दोन गोष्टी पाहा: कडा मोकळ्या आहेत का, आणि किती ग्रंथी तपासल्या, त्यातल्या किती बाधित निघाल्या. केमो लागेल की नाही, हे ठरवताना डॉक्टर याच नोंदी आधी वाचतात.