स्कॅनमध्ये न दिसणारं दुखणं

मैत्रिणींनो, पोरगी एकटीच बोलते, कुणी मारायला टपलंय म्हणते. पण मेंदूचा स्कॅन चांगला आला, म्हणजे ती ढोंगच करते, असं एखादी आई मला सांगते, तेव्हा मला डॉ. ऑयगेन ब्लॉयलर आठवतात.

१८५७ साली स्वित्झर्लंडमधल्या झोलिकॉन गावी, शेतकऱ्याच्या घरी ते जन्मले. सख्खी बहीणच मनाच्या आजाराने ग्रासलेली. १८८६ ते १८९८ ते ऱ्हाइनाउच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख होते. तिथे ते रुग्णांमध्येच राहिले, त्यांच्यासोबत कामं केली, त्यांचं असंबद्ध बोलणंही मन लावून ऐकलं. तेव्हा हा आजार म्हणजे तरुणपणीच बुद्धीचा ऱ्हास, असं मानत. ब्लॉयलरांनी पाहिलं, की कितीतरी जण सुधारतात. म्हणून १९०८ मध्ये त्यांनी त्याला नवं नाव दिलं, स्किझोफ्रेनिया. रुग्णांची नसबंदी करावी हे त्यांचं मत मात्र मला मुळीच पटत नाही. १९३९ मध्ये ते गेले.

त्यांच्याकडे स्कॅन नव्हता. १९७६ मध्ये लंडनच्या डॉक्टरांना सीटी स्कॅनवर जुन्या रुग्णांच्या मेंदूतल्या पोकळ्या मोठ्या दिसल्या. पुढे एमआरआयमध्ये नव्या रुग्णांतही बारीक फरक आढळले, पण ते अनेकांच्या सरासरीत. एकटीच्या स्कॅनवरून हा आजार आहे की नाही, हे आजही ठरत नाही. गाठ, सूज नाही ना, एवढंच त्यात बघतात.

म्हणून रिपोर्ट चांगला आला तरी लेकीचं बोलणं ऐका आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे लवकर न्या. उपचार जितके लवकर, तितकं बरं. १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर मोफत सल्ला मिळतो.