मुलगी म्हणून नाकारलेला अर्ज

बी.एस्सी.चा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. आता पुढे काय? बी.एड. करायचं, की एखादा कॉम्प्युटरचा कोर्स, की सरळ स्थळं बघायला लागायचं? मुलीच्या मनात एम.एस्सी. असतं, त्यातही एखाद्या नावाजलेल्या संस्थेत जाऊन करायचं असतं. पण त्या संस्थेचं नाव काढलं की घरातले आधी गप्प होतात आणि मग खर्च, अंतर, हॉस्टेल असे प्रश्न येतात. आणि खरं सांगायचं तर घरच्यांच्या आधी मुलगीच स्वतःला म्हणते, आपल्याला कोण घेणार तिथे?

अशा वेळी एका मराठी मुलीची गोष्ट आठवायला हवी. गुणवत्ता यादीत पहिली येऊनही तिचा अर्ज फक्त ती मुलगी आहे म्हणून नाकारला गेला होता. नाकारणारा माणूसही कोणी साधासुधा नव्हता, तर नोबेल पारितोषिक मिळवलेला शास्त्रज्ञ होता. त्या मुलीचं नाव कमला भागवत. पुढे जग तिला डॉ. कमला सोहोनी म्हणून ओळखू लागलं.

भागवत हे आडनाव वाचून तुम्हाला दुर्गाबाई भागवत आठवल्या असतील. बरोबर आहे. लोकसंस्कृतीच्या अभ्यासक आणि १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गाबाई या कमलाबाईंच्या थोरल्या बहीण. एका घरातल्या दोन मुली, एक साहित्याकडे वळली, दुसरी विज्ञानाकडे, आणि दोघींनीही आपापल्या ठिकाणी मान खाली घातली नाही.

कमलाबाईंचा जन्म इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघंही रसायनशास्त्र शिकलेले, आणि तेही बंगलोरच्या टाटांच्या संस्थेत, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये. जमशेटजी टाटांच्या कल्पनेतून १९०९ मध्ये उभी राहिलेली ही संस्था तेव्हा देशातली विज्ञान संशोधनाची सगळ्यात मोठी जागा होती. त्यामुळे घरात प्रयोगशाळेच्या गप्पा आणि रसायनांची नावं नवीन नव्हती. मुलीनं रसायनशास्त्र घ्यावं यात या घराला काही वावगं वाटलं नाही. त्या काळात हे मोठंच भाग्य म्हणायचं. मुलींनी चार इयत्ता शिकल्या तरी पुष्कळ झालं, असं मानणारी घरंच तेव्हा जास्त होती.

१९३३ मध्ये कमला मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली. मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला भौतिकशास्त्र. गुणवत्ता यादीत ती पहिली आली. आता वडील आणि काका जिथे शिकले तिथेच जाऊन संशोधन करायचं, हे तिनं मनात पक्कं केलं होतं. अर्ज पाठवला. गुण असे होते की नकाराची शंकाही येऊ नये.

पण नकार आला. त्याच वर्षी संस्थेचे संचालक झाले होते सर सी. व्ही. रामन. १९३० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे, अवघ्या देशाला ज्यांचा अभिमान वाटत होता, तेच रामन. या संस्थेचे ते पहिले भारतीय संचालक. संशोधन हे बायकांचं काम नाही, असं त्यांचं मत होतं आणि त्याच मतापायी अर्ज बाजूला पडला. गुण किती, विषय कोणता, हा प्रश्नच आला नाही.

वडिलांनी आणि काकांनी रामन यांच्याकडे शब्द टाकून पाहिला. उपयोग झाला नाही. आता दुसरी एखादी असती तर रडली असती, नशिबाला दोष देऊन दुसरीकडे नाव घातलं असतं. त्यात गैरही काही नव्हतं. कमलानं मात्र थेट बंगलोर गाठलं. ते दिवस गांधीजींच्या सत्याग्रहाचे. अन्याय झाला तर शांतपणे पण ठामपणे समोर उभं राहायचं, हे त्या पिढीला शिकवावं लागत नव्हतं. मुलगी म्हणून प्रवेश नाकारण्याचं कारण तिनं रामन यांना समोरासमोर विचारलं आणि प्रवेश मिळाल्याशिवाय हलणार नाही असा पवित्रा घेतला. संचालकांच्या दाराशी तिनं केलेला हा सत्याग्रह त्या संस्थेच्या इतिहासाचा भाग झाला आहे.

शेवटी रामन नमले, पण पुरते नाही. प्रवेश दिला तो अटी घालून. पहिलं वर्षभर ती नियमित विद्यार्थिनी धरली जाणार नाही, काम पाहूनच पुढचं ठरेल. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा, काम करावं लागेल. आणि तिसरी अट सगळ्यात बोचरी. तिच्यामुळे प्रयोगशाळेचं वातावरण बिघडता कामा नये, म्हणजे मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. जणू मुलगी लॅबमध्ये येते ती अभ्यासाला नव्हे, दुसऱ्यांचा अभ्यास मोडायला!

कमलानं अटी मान्य केल्या. अपमान तिला कळला नव्हता असं मुळीच नाही. तो तिला आयुष्यभर लागून राहिला. पुढे म्हातारपणी एका सत्कारातही तिनं तो बोलून दाखवला. रामन मोठे शास्त्रज्ञ असले तरी या बाबतीत त्यांचं मन मोठं नव्हतं, हे सांगायला ती कचरली नाही. पण त्या वेळी तिनं हिशेब केला असावा की, दार जेवढं उघडलंय तेवढ्यातून आधी आत तर जाऊ या. बाकीचं काम बोलेल.

आणि खरंच काम बोललं. तिला मार्गदर्शक मिळाले एम. श्रीनिवासय्या. शिस्तीला कडक, पण शिकवताना हातचं राखून न ठेवणारे. त्यांच्या हाताखाली कमलानं दूध, डाळी, कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर संशोधन केलं. आपल्या रोजच्या ताटातली ही गोष्ट. ज्या देशात बहुसंख्य लोकांना मांस-मासे परवडत नाहीत किंवा चालत नाहीत, तिथे डाळीतल्या आणि दुधातल्या प्रथिनांवरच पोरांची वाढ अवलंबून असते. त्यांचा नीट अभ्यास व्हायला हवा होता आणि तो या मुलीनं केला. १९३६ मध्ये याच संशोधनावर तिला मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. मिळाली, तीही विशेष प्रावीण्यासह.

पहिलं वर्ष संपलं तेव्हाच रामन यांचं समाधान झालं होतं. कमला तर नियमित झालीच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. एकीनं दिलेली परीक्षा पुढच्या कितीतरी जणींच्या कामी आली. अर्थात वाट लगेच गुळगुळीत झाली असं नाही. पुढे हवामानशास्त्रात मोठं नाव कमावलेल्या अ‍ॅना मणी यांनी १९४० च्या दशकात रामन यांच्याच प्रयोगशाळेत संशोधन केलं, प्रबंध लिहिला, पण एम.एस्सी. नाही या कारणावरून त्यांना पीएच.डी. नाकारली गेली. दार उघडलं तरी उंबरठे बरेच होते.

कमलाचं पुढचं पाऊल पडलं ते इंग्लंडमध्ये, केंब्रिजला. शिष्यवृत्ती मिळवून ती तिथे पोचली आणि डिसेंबर १९३७ मध्ये न्यूनहॅम या मुलींच्या कॉलेजात तिचं नाव दाखल झालं. काम करायचं होतं सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत. जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी १९२९ चं नोबेल मिळालेले हे हॉपकिन्स. त्यांच्या प्रयोगशाळेत स्त्रियांना मोकळेपणानं जागा मिळत असे. एक नोबेलविजेता दारात अडवतो आणि दुसरा आत बोलावतो, हेही तिनं पाहिलं. डेरेक रिक्टर हे तिचे पहिले मार्गदर्शक. त्यांनी तिला दिवसा काम करायला आपल्याकडचं एक टेबल दिलं. परक्या देशात, गर्दीच्या प्रयोगशाळेत हक्काची चार फूट जागा मिळणं म्हणजे काय, हे हॉस्टेलच्या खोलीत तिघी-चौघींनी राहून अभ्यास केलेल्या मुलींना सांगायला नको.

रिक्टर दुसरीकडे गेल्यावर ती रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींवर काम करू लागली. बटाट्यावर काम करताना तिला त्यात सायटोक्रोम सी हे द्रव्य सापडलं. आपण श्वास घेतो तसा प्रत्येक पेशीलाही घ्यावा लागतो, म्हणजे अन्नातून ऊर्जा काढावी लागते. त्या कामात हे द्रव्य लागतं. प्राण्यांमध्ये ते माहीत होतं. वनस्पतींच्या पेशींमध्येही ते असतं, हे कमलानं दाखवून दिलं. यावर तिनं जो प्रबंध लिहिला तो जेमतेम चाळीस पानांचा होता, आणि सगळं काम उरकलं होतं अवघ्या चौदा महिन्यांत. १९३९ मध्ये तिला केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. हे लक्षात घ्या की, त्या केंब्रिजनंही स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीचं स्थान १९४८ पर्यंत दिलेलं नव्हतं.

विज्ञानात पीएच.डी. झालेली पहिली भारतीय स्त्री असं कमलाबाईंबद्दल नेहमी लिहिलं जातं. केरळच्या वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना त्याआधी, १९३१ मध्ये, अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली होती. तेव्हा पहिली कोण, हा वाद घालण्यापेक्षा दोघींचीही नावं आपल्या मुलींना ठाऊक असणं महत्त्वाचं.

पीएच.डी. झाल्यावर कमलाबाई मायदेशी परतल्या. आधी दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या, मग दक्षिणेत कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत गेल्या. १९४७ मध्ये एम. व्ही. सोहोनी यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. लग्नानंतर काम सुटलं का? नाही. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या आणि विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा आपल्या आवडीच्या विषयाकडे, म्हणजे गरिबाच्या अन्नाकडे वळल्या.

नीरा आपल्यापैकी अनेकींनी प्यायली असेल. ताडा-माडाचा हा ताजा रस. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. तिच्यात जीवनसत्त्वं आणि लोह चांगलं असतं आणि तिचा गूळ केला तरी बरंचसं पोषण टिकतं, असं त्यांना आढळलं. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना नीरा दिल्यावर त्यांची तब्येत सुधारल्याचं दिसलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुंबईला दूध पुरवणाऱ्या आरे प्रकल्पालाही त्यांनी सल्ला दिला.

पण इथेही जुनं दुखणं सुटलं नाही. संस्थेचं संचालकपद त्यांच्या वाट्याला यायला हवं होतं तेव्हा आलं नाही. चार वर्षं ते लांबलं, आणि कारण पुन्हा तेच, बाई असणं. केंब्रिजची डॉक्टरेट, राष्ट्रपती पुरस्कार, हे सगळं असूनही! अखेर त्या संचालक झाल्या.

विज्ञान संस्थेबाहेरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९६६ मध्ये मुंबईत नऊ बायकांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहकांची संस्था काढली, तिच्या कामात कमलाबाई सक्रिय होत्या. १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्ष होत्या. संस्थेच्या कीमत या मासिकात ग्राहकांनी काय जपावं, याबद्दल त्या लिहीत असत. प्रयोगशाळेतलं ज्ञान त्यांनी असं स्वयंपाकघरापर्यंत आणून सोडलं.

१९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं दिल्लीत त्यांचा सत्कार ठरवला. तोवर बहुतेकांना त्यांचं नावही ठाऊक नव्हतं. परिषदेच्या पहिल्या महिला महासंचालक डॉ. सत्यवती यांना त्यांचं काम समजलं आणि त्यांनी आवर्जून बोलावणं धाडलं. त्या सत्कार समारंभातच कमलाबाई कोसळल्या आणि थोड्याच काळात गेल्या. मान मिळाला, पण किती उशिरा!

कमलाच्या पाठीशी शिकलेले वडील आणि काका होते, हे विसरून चालणार नाही. प्रत्येकीला तसं घर मिळत नाही. मग आपण तसं घर व्हायला काय हरकत आहे? आपल्या लेकीनं, भाचीनं, शेजारच्या मुलीनं मोठ्या संस्थेचा फॉर्म आणला तर खर्चाचा विषय काढण्याआधी तिला तो भरू द्यावा. शेवटची तारीख, लागणारे दाखले, शिष्यवृत्तीची चौकशी, यात जमेल तेवढी मदत करावी. नकार आला तर कारण विचारायला शिकवावं. गुण कमी पडले असतील तर पुन्हा तयारी करता येते. पण मुलगी म्हणून कुणी अडवत असेल, मग तो संस्थेतला असो की घरातला, तर तिथून निमूट परत फिरायचं नाही. आज त्या बंगलोरच्या संस्थेत मुली प्रवेश परीक्षा देऊन, आपल्या गुणांवर जातात. तिथे त्यांना वातावरण न बिघडवण्याची अट कुणी घालत नाही. ती अट १९३३ मध्ये एका मराठी मुलीनं त्यांच्या वतीनं सोसून ठेवली आहे.