वोल्बाक : एका जिवाणूमागचा माणूस

धाराशिव (विशेष प्रतिनिधी) : उसाच्या पानामागे टाचलेली ट्रायकोकार्डची पट्टी जिल्ह्यातील ऊस बागायतदारांना नवी नाही. एका कार्डावर तांदळावरील पतंगाची सुमारे २० हजार अंडी चिकटवलेली असतात. त्या अंड्यांत वाढते त्रिकोग्रामा ही एक मिलिमीटरपेक्षाही लहान परोपजीवी गांधीलमाशी. ती बाहेर पडली, की खोडकिडीची अंडी हुडकते आणि त्यांत आपले अंडे घालते. अळी जन्मण्यापूर्वीच संपते. हे काम फक्त मादी करते. नराचा शेतकऱ्याला थेट उपयोग नाही.

त्रिकोग्रामाच्या काही वाणांत मात्र नर जवळजवळ जन्मतच नाहीत. मीलनाविना माद्यांपासून माद्याच निपजतात. यामागे या माशीच्या पेशींत राहणारा वोल्बाकिया नावाचा जिवाणू आहे. प्रत्येक त्रिकोग्रामात तो असतोच असे नाही. पण जेथे असतो, तेथे वंशवाढीची सूत्रे त्याच्या हाती जातात. ज्या शास्त्रज्ञाच्या नावावरून या जिवाणूचे नाव पडले, त्या सिमिऑन बर्ट वोल्बाक यांची हयात मात्र माणसांचे आजार शोधण्यात गेली.

आफ्रिका ते पोलंड

वोल्बाक यांचा जन्म १८८० मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात, ग्रँड आयलंड या गावी झाला. हार्वर्ड विद्यापीठातून १९०३ मध्ये वैद्यकीय पदवी घेतल्यावर ते बोस्टनमध्ये विकृतिशास्त्राकडे वळले. १९११ मध्ये ते जॉन टॉड यांच्यासमवेत पश्चिम आफ्रिकेतील गाम्बियात गेले. तेथे निद्रारोगाचा अभ्यास करताना कीटक, सूक्ष्मजीव आणि माणूस यांच्यातील नात्याशी त्यांचा जवळून परिचय झाला.

पुढे गोचिडांमुळे पसरणाऱ्या रॉकी पर्वतातील ठिपक्यांच्या तापावर त्यांनी काम केले. या तापाचे सूक्ष्मजीव रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशींत घर करतात, हे त्यांनी १९१९ मध्ये दाखवून दिले. हे क्षेत्र जिवावर बेतणारे होते. हॉवर्ड रिकेट्स १९१० मध्ये मेक्सिकोत, तर स्टॅनिस्लाउस प्रोवाझेक १९१५ मध्ये, दोघेही प्रलापक सन्निपात ज्वर म्हणजेच टायफसचा अभ्यास करताना त्याच आजाराने दगावले होते. रिकेट्सिया प्रोवाझेकी हे या सूक्ष्मजीवाचे नाव म्हणजे त्या दोघांचे स्मारकच.

तरीही १९२० मध्ये वोल्बाक रेडक्रॉस सोसायट्यांच्या संघातर्फे पोलंडमध्ये गेले. महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या त्या देशात टायफसने थैमान घातले होते. रुग्णांच्या पेशी आणि त्यांच्या अंगावरील उवा यांचा बारकाईने अभ्यास करून त्यांच्या पथकाने १९२२ मध्ये सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. रिकेट्सिया हेच रोगाचे कारण, या मताला त्यातून भक्कम आधार मिळाला. या पथकाला साथ देणारे ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ आर्थर बॅकॉट त्याच वर्षी कैरोत टायफसनेच मरण पावले.

डासातला निरुपद्रवी पाहुणा

या पार्श्वभूमीवर एक प्रश्न महत्त्वाचा ठरला. रिकेट्सियासारखा प्रत्येक सूक्ष्मजीव घातकच असतो काय? याच्या शोधात वोल्बाक आणि तरुण कीटकशास्त्रज्ञ मार्शल हर्टिग यांनी अनेक जातींचे कीटक तपासले. घरोघरी आढळणाऱ्या क्युलेक्स डासाच्या जननेंद्रियांत त्यांना असे सूक्ष्मजीव दिसले. डासाला त्यांची बाधा झालेली दिसत नव्हती. हे निरीक्षण १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. हर्टिग यांनी काम पुढे नेले आणि १९३६ मध्ये सविस्तर वर्णनासह आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्याच्या सन्मानार्थ त्याला वोल्बाकिया पिपिएन्टिस हे नाव दिले.

वोल्बाक तोवर दुसऱ्या वाटेने निघाले होते. पर्सी हाव यांच्यासह त्यांनी अ आणि क जीवनसत्त्वांच्या अभावाने शरीरातील ऊतींमध्ये नेमके काय बिघडते, हे १९२५ आणि १९२६ मध्ये उलगडले. अ जीवनसत्त्व कमी पडले, की डोळे, श्वासनलिका आणि ग्रंथींचे नाजूक अस्तर कोरडे व कठीण होते. क जीवनसत्त्व नसेल, तर पेशींना बांधून ठेवणारा पदार्थ नीट तयार होत नाही. बालकांच्या मुडदूस, स्कर्व्हीसारख्या आजारांच्या काळात या संशोधनाचे मोल मोठे होते. हार्वर्डमधील प्राध्यापकपदावरून १९४७ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९५४ मध्ये निवर्तले. तेव्हा वोल्बाकिया ही डासांतील एक किरकोळ गंमत समजली जात होती.

मृत्यूनंतरची कीर्ती

चित्र पालटले ते १९७१ मध्ये. डासांच्या काही जोड्यांची अंडी उबत नाहीत, याला हाच जिवाणू कारणीभूत असल्याचे तेव्हा दिसून आले. १९९० मध्ये त्रिकोग्रामाच्या केवळ माद्या असलेल्या वाणांना प्रतिजैविके खाऊ घातली, तेव्हा नर पुन्हा जन्मू लागले. या माशीत फलन न झालेल्या अंड्यातून एरवी नर होतो. जिवाणू त्या अंड्यातील गुणसूत्रे दुप्पट करवून त्याची मादी बनवतो. कारण तो आईच्या अंड्यातूनच पुढच्या पिढीत जातो; नर म्हणजे त्याच्यासाठी बंद रस्ता. ॲसोबारा टॅबिडा या दुसऱ्या परोपजीवी माशीत तर हा जिवाणू काढून टाकताच अंडी तयार होणेच थांबते, असे २००१ मध्ये आढळले. पाहुणा घराचा आधारस्तंभ होऊन बसला होता.

आज डेंगीविरोधी लढ्यातही त्याचा वापर होतो. इंडोनेशियातील योग्याकार्ता शहरात वोल्बाकियायुक्त डास सोडल्यावर डेंगीच्या रुग्णांत ७७ टक्के घट झाल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२२ मध्ये पुदुच्चेरीतील भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या संस्थेनेही असे डास तयार केले.

शेतीत मात्र हिशेब इतका सरळ नाही. केवळ माद्या देणारे वाण स्वस्त पडतील, ही आशा खरी. पण अशा माद्या अनेकदा अंडी कमी घालतात, आणि ३० अंशांवरील तापमानात काही पिढ्या काढल्यास जिवाणूच नाहीसा होतो. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा सहज चाळिशी ओलांडतो, तेथे ही अडचण लहान नव्हे. मित्रकीटकाच्या पोटातला हा मित्र कितपत भरवशाचा, याचा कस अखेर शिवारातच लागणार आहे.