तिथींचा हिशेब लावणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित

दोन तारखांमधले दिवस मोजून व्याज काढणारी आज्ञावली मी संगणकाच्या तासाला लिहिली, आणि सुटीत सौंसरला गेल्यावर मोठ्या ऐटीत आजोबांच्या जुन्या वहीतल्या उसनवारीवर ती चालवून पाहिली. हिंदीभाषक मुनिमाने भादों बदी अमावस असे लिहिले होते. मी सर्वपित्री अमावस्या धरली आणि व्याज महिन्याचे कमी आले. आजोबा हसले. तो तर पोळ्याचा दिवस! आपला श्रावण वद्य पक्ष म्हणजेच त्यांचा भादवा बदी. गंमत अशी, की दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार होते, तेव्हा दोघांच्याही पंचांगात भाद्रपदच असतो!

ही गुंतागुंत सोडविण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, ते दीक्षित १८५३ साली दापोलीजवळच्या मुरूडला जन्मले. पेशा शिक्षकाचा; पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात ते शिकवीत. फ्लीटसाहेब गुप्त राजांचे शिलालेख संपादित करीत होते, तेव्हा त्यांतल्या तिथींचे गणित दीक्षितांनी करून दिले. गुप्त शक केव्हा सुरू झाला, याविषयी विद्वानांत शंभराहून अधिक वर्षांचा मतभेद होता. आपल्याच मध्यप्रदेशात, सागर जिल्ह्यातल्या एरणच्या स्तंभावर बुधगुप्ताच्या काळचा लेख आहे : वर्ष १६५, आषाढ शुक्ल द्वादशी, गुरुवार. इ. स. ३१९-२० पासून शक मोजला, तर ही तिथी २१ जून ४८४ ला येते आणि वारही जुळतो. मंदसोरच्या लेखाचाही आधार होताच. फ्लीटांचा ग्रंथ १८८८ मध्ये निघाला.

यातली रीत जुनीच, अहर्गणाची : कलियुगारंभापासून लोटलेले दिवस मोजायचे. एरणच्या तिथीपर्यंत मी मोजले, ते १३,०९,५४५ भरले. सातांनी भागून बाकी ६; आरंभीचा वार शुक्रवार, म्हणून गुरुवार. संगणकही दोन्ही तारखा एका ठरावीक दिवसापासून मोजतो आणि वजाबाकी करतो. पण महिना कोणाचा, हे त्याला आपणच सांगावे लागते.

१८९६ साली दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह केलेली तिथी-तारखांची कोष्टकेही निघाली. पुढे दोनच वर्षांनी, १८९८ मध्ये, वयाची पंचेचाळीस वर्षे पुरी होण्याआधीच ते वारले.

माझी आज्ञावली आता वद्य पक्ष आला, की महिना अमान्त की पौर्णिमान्त, हे आधी विचारते. आमच्या कन्नड विभागातल्या मित्रांचे पंचांगही अमान्तच. त्या वहीपुढे तेही माझ्यासारखेच फसले असते.