आभाळ भरून आल्यावर

आमच्या वळसंगला ढग येतात आणि बरेचदा न बरसताच निघून जातात. बँकेत असताना अशाच एका आषाढात मी हौसेने रंगीत स्लाइडचा रोल कॅमेऱ्यात घातला. धुऊन आल्यावर पाहतो तर तूर, बैल, माणसं, सगळंच निळसर आणि मरगळलेलं! पुढे रघुबीर सिंग यांचं पावसाळी फोटोंचं काम पाहिलं तेव्हा ती स्लाइड आठवून हसू आलं.

रघुबीर सिंग १९४२ साली जयपूरला जन्मले. घराणं ठाकुरांचं, पण स्वातंत्र्यानंतर ओसरतं. कॉलेज अर्धवट सोडून ते चहाच्या मळ्यातल्या नोकरीसाठी कलकत्त्याला गेले. नोकरी मिळाली नाही, मग कॅमेऱ्यालाच धरून राहिले. १९६६ साली जयपुरात त्यांनी आँरी कार्तिए-ब्रेसाँला काम करताना पाहिलं. क्षण पकडणं त्याच्याकडून घेतलं. रंगांची नावड मात्र घेतली नाही.

त्यांची फिल्म म्हणजे मुख्यतः कोडाक्रोम. त्या काळी तिचा वेग २५ किंवा ६४ एएसए, म्हणजे उन्हासाठीच केलेली म्हणा ना! ढगाळ दिवशी शटर सेकंदाच्या १/३० पर्यंत खाली आणावं लागे. हात जरा हलला की चित्र गेलं. वेगवान फिल्म घ्यावी तर दाणे दिसत आणि रंग फिके पडत. शिवाय स्लाइडला दुसरी संधी नसते. निगेटिव्हची चूक छापताना सावरता येते, इथे प्रकाशाचा अंदाज अर्ध्या स्टॉपने चुकला तरी दिसतो. ढगाळ उजेडातला निळेपणा घालवायला पिवळसर फिल्टर लावतात. मला हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

पण ऊन नसलं की काळ्याकुट्ट सावल्या जातात आणि ओल्या कापडाचा रंग गडद होतो. १९६७ मध्ये बिहारात मुंगेरला पावसात एकमेकींना बिलगलेल्या चार बायका त्यांनी टिपल्या. ते चित्र कृष्णधवल असतं तर नुसतं दैन्य दिसलं असतं, असं मला वाटतं. भारतीय माणूस रंगातच पाहतो, हे त्यांचं आयुष्यभराचं म्हणणं. गंगा, केरळ, आणि १९९४ साली मुंबईवरचं पुस्तक, सगळी रंगीतच.

परदेशी मासिकांच्या कामामुळे त्यांना फिल्म मिळे. आपल्याकडे ती दुर्मिळ होती. हाँगकाँग, पॅरिस, लंडन, न्यूयॉर्क इथे ते राहिले, पण फोटो काढायला पुन्हापुन्हा इकडेच आले. १९९९ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला हृदयविकाराने गेले तेव्हा वय अवघं ५६. त्यांची फिल्म कंपनीने २००९ साली बंद केली, आणि ती धुणारी शेवटची प्रयोगशाळा, अमेरिकेतल्या कॅन्ससमधली, २०१० च्या अखेरीस थांबली.