काउंट रम्फर्ड

थंडीच्या दिवसांत आपण घोंगडी पांघरतों, आणि घोंगडी ऊब देते असें सहज म्हणतों. परंतु घोंगडीच्या अंगीं स्वतःची उष्णता मुळींच नसते. मग ती ऊब येते कोठून? ह्या साध्या प्रश्नाचा ज्यानें पद्धतशीर शोध केला, त्या विलक्षण पुरुषाचें अल्प चरित्र येथें देत आहों.

बेंजामिन थॉम्प्सन ह्याचा जन्म २६ मार्च १७५३ रोजीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतांत वोबर्न गांवीं एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. वडील तान्हेपणींच वारल्यामुळें तेराव्या वर्षीं त्यास एका व्यापाऱ्याच्या दुकानांत उमेदवारी करावी लागली. १७७२ सालीं एका श्रीमंत विधवेशीं त्याचा विवाह झाला. पुढें अमेरिकन लोकांनीं बंड पुकारलें, तेव्हां त्यानें इंग्लंडच्या राजाचा पक्ष धरला, आणि पत्नी व तान्ही मुलगी ह्यांस मागें टाकून तो १७७६ सालीं लंडनला गेला. पत्नीची भेट त्यास पुन्हां झाली नाहीं.

कांहीं वर्षांनीं तो बव्हेरियाच्या राज्यकर्त्याच्या चाकरींत शिरला. त्या काळांत त्यानें उष्णतेवर अनेक प्रयोग केले. उष्णमापकाचा फुगा एका कांचगोलाच्या मध्यभागीं बसवून भोंवतालच्या पोकळींत तो पाळीपाळीनें लोंकर, कापूस, रेशीम, सशाचे केस व पिसें भरी. तें यंत्र उकळत्या पाण्यांत तापवून मग बर्फांत ठेवी, व पारा उतरण्यास लागणारा वेळ मोजी. पोकळींत नुसती हवा असतां पारा लवकर उतरे. सशाचे केस भरले असतां दुपटीहून अधिक वेळ लागे. तेंच रेशीम मोकळें भरलें तर उष्णता फार वेळ टिके, पिळाचा धागा करून भरलें तर लवकर जाई. ह्यावरून त्यानें ताडलें, कीं ऊब राखण्याचें काम मुख्यतः तंतूंमध्यें अडकलेली हवा करते. मोकळी हवा हालचाल करून उष्णता वाहून नेते. कोंडलेली हवा तसें करूं शकत नाहीं. स्थिर हवेंतून उष्णता अजिबात जात नाहीं हें त्याचें मत मात्र पुढें चुकीचें ठरलें. ती जाते, पण फार थोडी. ह्या कार्याबद्दल १७९२ सालीं रॉयल सोसायटीनें त्यास कोप्ली पदक दिलें.

हें ज्ञान त्यानें गरिबांच्या कामीं लावलें. १ जानेवारी १७९० रोजीं म्यूनिकमधील भिकाऱ्यांस एकत्र करून त्यानें उद्योगगृहांत नेलें. तेथें त्यांस उबदार खोल्या, काम आणि बार्ली व वाटाण्याचें पौष्टिक सार मिळूं लागलें. थोड्या सरपणांत पुष्कळ अन्न शिजावें म्हणून त्यानें बंदिस्त चुली बांधविल्या. ह्या सेवेबद्दल त्यास काउंट ही पदवी मिळाली, तेव्हां त्यानें रम्फर्ड हें नांव घेतलें. पत्नीच्या गांवाचें तें जुनें नांव होतें!

तोफा कोरतांना घर्षणानेंच पाणी उकळतें हें त्यानें १७९८ सालीं सिद्ध केलें, व उष्णता हा पदार्थ नसून गति आहे असें प्रतिपादिलें. १७९९ सालीं लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन स्थापण्यांत त्याचा पुढाकार होता. मुलीची भेट मात्र १७९६ सालीं, ती तरुण झाल्यावर झाली. लाव्हाझिए ह्या थोर रसायनशास्त्रज्ञाच्या विधवेशीं केलेला दुसरा विवाहही टिकला नाहीं. २१ ऑगस्ट १८१४ रोजीं पॅरिसजवळ त्याचा अंत झाला.

विद्यार्थिमित्रहो, परक्या शहरांतील निराश्रितांस ऊब देणाऱ्या ह्या पुरुषास स्वतःच्या घरची ऊब फारशी लाभली नाहीं. त्याच्या बुद्धीचें व उद्योगाचें अनुकरण अवश्य करावें. घरच्या माणसांचा विसर मात्र पडूं देऊं नये.