ससा, सिंह आणि चित्रकार

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा जपानमधील ओसाका हे शहर बाँबहल्ल्यांनी उद्ध्वस्त झाले होते. अन्नाची टंचाई होती, कागदाचीही होती. अशा काळात तेथील छोटे प्रकाशक मुलांसाठी हलक्या कागदावर छापलेल्या, भडक तांबड्या मुखपृष्ठांच्या स्वस्त चित्रकथा काढीत. शिकल्यासवरल्या घरांतून या पुस्तिकांकडे नाके मुरडली जात. १९४८ साली अशाच एका पुस्तिकेत एका सशाची कथा आली आणि ती वाचून मुले रडली. चित्रकथा हसण्यासाठी असते, तिचा शेवट गोड असतो, असे तोवर सर्वांनीच गृहीत धरले होते. ही कथा रचणारा तरुण वैद्यकाचा विद्यार्थी होता आणि त्याने अजून विशीही ओलांडली नव्हती.

ओसामू तेझुका यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ रोजी ओसाकाजवळील तोयोनाका येथे झाला. त्यांचे बालपण ताकाराझुका या गावी गेले. वडिलांना चित्रपटांची हौस होती. घरच्या लहान प्रक्षेपकावर ते मुलांना बोलपटांच्या आधीच्या काळातील चित्रफिती दाखवीत. आई चित्रकथा वाचून दाखवताना प्रत्येक पात्राचा आवाज निराळा काढी. अंगाने किरकोळ, कुरळ्या केसांचा आणि चष्मा लावणारा हा मुलगा शाळेत चेष्टेचा विषय होई. आपण काढलेल्या चित्रांमुळेच त्याला हळूहळू मित्र मिळाले. गावाभोवतीच्या रानात किडे शोधत हिंडणे हा त्याचा दुसरा छंद. जपानी भाषेत ओसामुशी नावाचा एक भुंगा आहे. आपल्या नावाशी त्याचे साम्य पाहून त्याने लेखनातील नावाला ‘कीटक’ या अर्थाचे अक्षर जोडून टाकले.

युद्धाच्या अखेरच्या वर्षांत विद्यार्थ्यांना कारखान्यांत कामाला जुंपण्यात आले. जून १९४५ मध्ये ओसाकावर हवाई हल्ला झाला त्या वेळी तेझुका कारखान्याच्या टेहळणी मनोऱ्यावर होते. बाँब अगदी जवळ पडले. ते वाचले, पण त्या दिवशी पाहिलेली प्रेते त्यांना जन्मभर विसरता आली नाहीत. ऑगस्टमध्ये युद्ध थांबले आणि काळोखात बुडालेल्या शहरात पुन्हा दिवे लागले. आपण जिवंत आहोत याची जाणीव त्यांना त्या उजेडात झाली.

त्याच वर्षी त्यांनी ओसाका येथे वैद्यकीय शिक्षणास प्रारंभ केला. १९४६ मध्ये त्यांची पहिली व्यंगचित्रमालिका वृत्तपत्रात आली. १९४७ मधील ‘नवे रत्नद्वीप’ या चित्रकथेच्या सुमारे चार लाख प्रती खपल्या असे सांगतात. तिच्या पहिल्याच पानांवर एक मुलगा मोटार भरधाव हाकीत धक्क्याकडे निघाला आहे. चौकटीमागून चौकट पाहताना चलच्चित्रपटच पाहत असल्याचा भास होतो. वडिलांच्या प्रक्षेपकाचे ऋण असे फिटले.

आता त्या सशाकडे वळू. जॉन नावाचा मुलगा पृथ्वीच्या पोटातून आरपार जाणारे वाहन तयार करण्याच्या ध्यासाने झपाटलेला आहे. त्याचा सोबती मिमिओ हा ससा. वैज्ञानिकांनी शस्त्रक्रिया करून त्याला माणसाची बुद्धी व वाणी दिली आहे. भूगर्भात त्यांची गाठ वाळवीपासून उत्क्रांत झालेल्या एका जमातीशी पडते. साहस, यंत्रे, संकटे हे सारे कथेत आहे. तरी तिचा खरा विषय वेगळा आहे. मिमिओ माणसासारखा विचार करतो, पण त्याचे लांब कान पाहून लोक त्याला ससाच समजतात. संशय येताच त्याला दूर लोटले जाते. मग तो वेषांतर करून, ओळख न देता, आपल्या मित्रांना साहाय्य करीत राहतो आणि अखेर त्यांच्यासाठीच प्राण गमावतो. मरताना त्याला एवढेच जाणून घ्यायचे असते, की आता तरी आपण माणूस ठरलो का. शाळेत ज्याच्या रूपाची टिंगल झाली त्या मुलालाच हा ससा सुचावा, यात मला तरी नवल वाटत नाही.

यानंतर १९५० ते १९५४ या काळात ‘जंगल सम्राट’ ही दीर्घ चित्रकथा मासिकातून प्रसिद्ध झाली. तिचा नायक लिओ हा पांढरा सिंह. आईला प्राणिसंग्रहालयाकडे नेणाऱ्या जहाजावर तो जन्मतो, समुद्र पोहून आफ्रिकेला परततो आणि माणसांची भाषा शिकतो. कथेच्या उत्तरार्धात एका अद्भुत खनिजाच्या शोधात शास्त्रज्ञांची तुकडी उंच पर्वतावर चढते आणि हिमवादळात सापडते. उरलेला एक मनुष्य तरी जगावा, त्याला मांस व ऊब देणारे कातडे मिळावे, म्हणून लिओ स्वतःचा जीव देतो. मुलांच्या मासिकात असा शेवट छापण्यास धैर्यच हवे.

१९५२ मध्ये तेझुका वैद्यकीय परवान्याची परीक्षा उत्तीर्ण झाले. १९६१ मध्ये गोड्या पाण्यातील गोगलगाईवरील संशोधनासाठी त्यांना डॉक्टरेट मिळाली. दवाखाना मात्र त्यांनी थाटला नाही. कोणता मार्ग धरावा हा प्रश्न पडला तेव्हा आईने मनाला आवडेल तेच करण्यास सांगितले होते. त्यांचा यंत्रमानव बालक अ‍ॅटम १ जानेवारी १९६३ पासून जपानी दूरचित्रवाणीवर झळकला. पुढे लिओही रंगीत रूपात पडद्यावर आला. मात्र त्यांनी स्थापन केलेली चित्रपटसंस्था १९७३ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी त्यांनी एका शल्यविशारदाची नवी मालिका सुरू केली.

१९७२ ते १९८३ या काळात त्यांनी गौतम बुद्धांचे चरित्र चित्ररूपाने रेखाटले. त्याच्या आरंभीच एक कथा येते. बर्फात कोसळलेल्या वृद्धासाठी अस्वल मासे आणते, कोल्हा फळे आणतो. सशाला काहीच मिळत नाही. तेव्हा तो स्वतःच अग्नीत उडी घेतो. ही कथा मूळ आपल्याकडील जातककथांतील. त्याच सशाची आकृती चंद्रावर उमटली असे जातक सांगते आणि आपणही चंद्राला शशांक म्हणतोच. तेझुकांच्या हाताखालून गेलेला हा पहिला ससा नव्हे, हे वाचकाच्या ध्यानात आले असेलच.

९ फेब्रुवारी १९८९ रोजी टोकियो येथे जठराच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते साठ वर्षांचे होते. आपल्या रोगाचे नाव त्यांना सांगण्यात आले नव्हते. रुग्णालयातील खाटेवरही ते चित्रे काढीत होते. अनेक मालिका मध्येच थांबल्या. त्यांपैकी एकीचा नायक संगीतकार बेथोव्हेन होता आणि तो अजून तरुणच होता.